अकरा वाजता आठवेल एवढेच वाचा : नोकरी-संसाराच्या दिवसात पवित्र शास्त्राचे प्रार्थनामय वाचन

सकाळी वाचलेले शुभवर्तमान, म्हणजे मत्तय, मार्क, लूक किंवा योहान यांनी लिहिलेल्या येशूच्या चरित्रातला उतारा, अकरा वाजेपर्यंत डोक्यातून पुसले जाते, ही तक्रार ठाणे-नवी मुंबईतल्या कॅथलिक घरांमध्ये मी वारंवार ऐकली आहे, आणि कित्येक वर्षे ती माझीही होती. तक्रार करणारी माणसे आळशी नसतात. चर्चमधली रविवारची उपासना, म्हणजे मिस्सा, ती चुकवत नाहीत, रोझरी म्हणतात, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला हजर असतात आणि घरी बायबलही उघडतात. अडचण असते ती वाचण्याच्या रीतीत. आपण पवित्र शास्त्र एक तर वर्तमानपत्रासारखे वाचतो, म्हणजे मजकूर कळला की पान उलटतो. नाही तर पारायणासारखे वाचतो, म्हणजे अमुक दिवसांत अमुक अध्याय संपलेच पाहिजेत, असा हिशोब मांडून बसतो. ख्रिस्तसभेच्या परंपरेत ज्याला ‘लेक्सिओ दिविना’ म्हणतात ते वाचन या दोन्हींहून वेगळे आहे, आणि मठात राहणाऱ्याला ते जसे साधते तसेच ट्रान्स-हार्बर लोकलने रोज तुर्भ्याला कामाला जाणाऱ्यालाही साधते.

त्या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘दैवी वाचन’. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठनियमाच्या ४८ व्या प्रकरणात अंगमेहनतीच्या कामाबरोबर या वाचनाचेही तास ठरवून दिले, आणि बाराव्या शतकात फ्रान्समधील ग्रांद शार्त्रझ मठाचे प्रमुख दुसरे ग्विगो यांनी त्याची शिडी मांडली : वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. पुढे कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजीच्या ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजात सर्वच श्रद्धावंतांना शास्त्र वारंवार वाचण्याचा आग्रह केला आणि त्या वाचनाला प्रार्थनेची जोड असली पाहिजे, असे बजावले. तर पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१० मध्ये ‘व्हर्बुम डोमिनी’त याच चार पायऱ्या पुन्हा समजावून सांगताना, कृतीत उतरेपर्यंत हे वाचन पूर्ण होत नाही, असेही सांगितले. एवढा इतिहास कामापुरता पुरे. शिडीचे चित्र चांगले आहे, पण त्याने एक घोटाळा होतो : माणसे घड्याळ लावून पाच-पाच मिनिटांच्या चार पायऱ्या चढतात आणि शेवटच्या पायरीवर काहीच ‘घडले’ नाही म्हणून हिरमुसतात. म्हणून पुढे मी पायऱ्यांऐवजी दिवसाचे घड्याळ धरून सांगणार आहे.

आदल्या रात्री

सकाळी सहाला ‘आज काय वाचू’ असा प्रश्न पडला की पाने चाळण्यात दहा मिनिटे जातात, आणि तेवढ्यात दूधवाला बेल वाजवतो. उतारा रात्रीच ठरलेला असावा, आणि तो आपण निवडलेला नसावा. ख्रिस्तसभेने त्या दिवसासाठी लावलेले शुभवर्तमान घ्यावे. स्वतः निवडायला बसलो की मी ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ या तेविसाव्या स्तोत्राच्या हिरव्या कुरणातून बाहेरच पडत नाही, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. जे वचन आपल्याला आवडत नाही त्याच्याशी गाठ पडण्यासाठी तरी निवड दुसऱ्याच्या हाती असलेली बरी.

मिस्सेतली रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात येतात : ‘अ’ वर्षात प्रामुख्याने मत्तय, ‘ब’ वर्षात मार्क, ‘क’ वर्षात लूक, आणि योहान मुख्यतः उपवासकाळात व ईस्टरपासूनच्या पुनरुत्थानकाळात. ज्या सनाला तीनने पूर्ण भाग जातो ते ‘क’ वर्ष, त्यामुळे २०२५ ‘क’, २०२६ ‘अ’ आणि २०२७ ‘ब’. फक्त हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, तर आदल्या आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी होते. आठवड्यातील इतर दिवसांचे पहिले वाचन, म्हणजे मिस्सेत शुभवर्तमानाआधी होणारे वाचन, सामान्यकाळात (या विशेष काळांबाहेरच्या आठवड्यांत) विषम सनांत एक आणि सम सनांत दुसरे असते, पण शुभवर्तमान दरवर्षी तेच असते : आधी मार्क, मग मत्तय, मग लूक. हे एकदा लक्षात आले की चर्चच्या कॅलेंडरवरचे आकडे गूढ वाटत नाहीत. शिवाय तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेत जे वाचले जाणार आहे तेच आपण स्वयंपाकघराच्या टेबलाशी वाचत आहोत, हे माहीत असल्याने एकट्याने केलेले वाचनही एकटे राहत नाही.

येथे एका सवयीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. डोळे मिटून बायबल कुठेही उघडायचे, बोट टेकवायचे आणि बोटाखाली आलेले वचन हा आजचा संदेश मानायचा, हा प्रकार आपल्याकडे बराच चालतो. हे वाचन नव्हे, हा कौल लावणे झाले. यावर कोणी तरी प्राचीन काळचे धर्मपंडित संत ऑगस्टीन यांचे उदाहरण काढतेच : इ.स. ३८६ मध्ये मिलानमधील बागेत एका लहान मुलाचा ‘घे, वाच’ असा आवाज ऐकून त्यांनी नव्या करारातील पौलाची पत्रे उघडली आणि जे दिसले त्याने त्यांचे आयुष्य बदलले. ते खरेच आहे. परंतु त्यामागे कित्येक वर्षांची तगमग होती, आईचे अश्रू होते, मिलानचे बिशप संत अँब्रोज यांची प्रवचने होती, आणि ऑगस्टीन यांनी पुढे रोज सकाळी तीच युक्ती चालवल्याचे ऐकिवात नाही.

प्रत कोणती घ्यावी, याचाही विचार रात्रीच करून टाकावा. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात, जुन्या कराराची ४६ आणि नव्या कराराची २७. दुकानात सहज मिळणारी मराठी प्रत बहुधा ६६ पुस्तकांची असते, त्यामुळे पहिले वाचन तोबित, बेन सिरा किंवा मक्काबी यांतले असेल त्या दिवशी आपण पाने उलटत राहतो आणि पुस्तक काही सापडत नाही. शुभवर्तमानापुरते वाचायचे असल्यास ही अडचण येत नाही. चालू, बोलक्या मराठीची सवय असेल त्यांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ जवळचे वाटेल. जुन्या अनुवादाचा ठेका कानात बसलेला असेल त्यांनी तोच ठेवावा आणि अडलेल्या ठिकाणी दुसरा उघडून पाहावा. भाषेबद्दल माझे मत ठाम आहे : ज्या भाषेत आपण घरात भांडतो त्या भाषेत प्रार्थना करावी, कारण तिच्यात खोटे बोलणे अवघड जाते. कामाची भाषा इंग्रजी असली आणि मिस्सा इंग्रजीत ऐकत असलो, तरी हे वीस मिनिटांचे वाचन मराठीत करून पाहावे.

रात्री उतारा एकदाच, साधेपणाने वाचायचा. एखादा शब्द अडला, एखादे गाव किंवा सण कळला नाही, तर तळटीप तेव्हाच पाहून घ्यायची, म्हणजे सकाळी शोधाशोध होत नाही. याला पाच मिनिटे लागतात. पुस्तकात खूण घालून ते ठरलेल्या जागी ठेवावे आणि झोपावे.

सकाळची वीस मिनिटे

घोडबंदर रोडवरच्या वन-बीएचकेत किंवा कोपरखैरणेच्या बैठ्या घरात प्रार्थनेची वेगळी खोली कुठून येणार? लागते ती एक ठरलेली जागा : तीच खुर्ची किंवा तीच चटई, आणि समोर घरातल्या वेदीवरचा क्रूस. जागा रोज बदलली की मन रोज नव्याने जागेची पाहणी करत बसते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा; वाचन मोबाइलवरच करावे लागत असेल तर निदान तो एअरप्लेन मोडवर टाकावा. आवाजांशी मात्र झगडू नये. पाण्याचा पंप, शेजारच्या कुकरची शिट्टी आणि खालच्या रिक्षाचा हॉर्न हे या शहरात राहणारच, आणि पूर्ण शांतता मिळाल्यावर बसू म्हणणारा माणूस कधीच बसत नाही.

क्रूसाची खूण करून पवित्र आत्म्याला एका वाक्यात बोलवावे. लांब प्रार्थना येथे नको, कारण बोलण्याची पाळी अजून आपली आलेली नाही.

मग उतारा तीनदा वाचायचा, आणि तोही ओठ हलवून, स्वतःला ऐकू जाईल इतक्या आवाजात. जुन्या काळी वाचन बहुधा असेच होत असे; अँब्रोज ओठ न हलवता वाचतात ही गोष्ट ऑगस्टीन यांना नमूद करण्यासारखी वाटली होती. नुसते डोळ्यांनी वाचताना आपण ओळखीच्या वाक्यांवरून घसरत जातो, आणि शुभवर्तमानाची बहुतेक वाक्ये आपल्या ओळखीचीच असतात. तोंडाने वाचताना तसे घसरता येत नाही. पहिल्या वाचनात फक्त एवढेच पाहायचे की तिथे काय घडते आहे : कोण आहे, कुठे आहे, वेळ कोणती, कोण बोलतो आणि कोण गप्प आहे. ‘यातून मला काय?’ हा प्रश्न या वेळी दाराबाहेर ठेवायचा. दुसरे वाचन निम्म्या वेगाने करायचे. तिसऱ्या वाचनात जिथे पाय अडखळेल तिथे थांबायचे, मग उतारा अर्धाच झाला असला तरी हरकत नाही. तो अडखळण्याचा शब्द सुंदरच असेल असे नाही. कधी तो खुपणारा असतो, कधी अगदी किरकोळ.

एक उतारा जवळून

पुनरुत्थानाच्या सणानंतर (ईस्टरनंतर) लगेच येणाऱ्या शुक्रवारी योहान २१:१-१४ वाचले जाते. सात शिष्य रात्रभर तळ्यावर आहेत आणि जाळ्यात एकही मासा नाही. उजाडताना किनाऱ्यावर कोणी तरी उभा आहे, पण तो येशू आहे हे त्यांना कळत नाही. तो विचारतो, मुलांनो, खायला काही मिळाले का? नाही, असे उत्तर येते. मचव्याच्या उजव्या बाजूला जाळे टाका, असे तो सांगतो, आणि जाळे ओढवेना इतके भरते; पुढे मोजल्यावर १५३ मोठे मासे निघतात. ‘प्रभू आहे’ असे प्रिय शिष्य म्हणताच पेत्र अंगावर वस्त्र गुंडाळून पाण्यात उडी घेतो. किनारा दोनशे हातांवर आहे, म्हणजे नव्वदएक मीटर. सगळे किनाऱ्याला लागतात तेव्हा कोळशांचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासळी आहे आणि भाकर आहे. येशू म्हणतो, या, न्याहारी करा.

हा उतारा मी पंचवीसएक वेळा तरी ऐकला असेल आणि दरवेळी १५३ या आकड्यापाशी डोके खाजवले असेल. एका वर्षी मात्र तिसऱ्या वाचनात थांबलो तो ‘कोळशांचा विस्तव’ या शब्दांवर. थांबण्याचे कारण धार्मिक नव्हते. निखाऱ्यांवर भाजलेल्या सुक्या बोंबलाचा लहानपणीचा वास एकदम नाकाशी आला. हे विचलन समजून झटकून टाकावे असे वाटले, पण तिथेच राहिलो. मग लक्षात आले की मासळी तर आधीच विस्तवावर आहे. शिष्यांनी पकडलेले मासे अजून जाळ्यातच आहेत, म्हणजे न्याहारी त्यांच्या मासळीवाचून अडलेली नव्हती. तरीही येशू म्हणतो, तुम्ही आत्ता धरलेल्यांतले थोडे आणा. आणि मग आणखी एक आठवण आली : पेत्र अशाच एका विस्तवाशी आधी उभा राहिला होता. येशूला अटक झाली त्या रात्री तो प्रमुख याजकाच्या अंगणात शेकत होता आणि ‘मी त्याला ओळखत नाही’ असे सांगत होता. संध्याकाळी पडताळून पाहिले तेव्हा कळले की कोळशाच्या विस्तवासाठीचा मूळ ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात दोनच ठिकाणी आहे, योहान १८:१८ मध्ये आणि येथे. ज्या वासाने पेत्राला ती रात्र आठवावी त्याच वासात येशू त्याला आधी जेवू घालतो. ‘तू माझ्यावर प्रेम करतोस काय?’ हा प्रश्न विचारतो ते नंतर.

याला मनन म्हणतात. जुन्या मठवासींनी त्याला ‘रुमिनातिओ’ असा शब्द वापरला होता, आणि मराठीत त्याला नेमका शब्द आहे : रवंथ. गोठ्यातली म्हैस चारा भराभर पोटात घेते आणि मग सावलीत बसून तोच चारा पुन्हा तोंडात आणून सावकाश चघळते. नवा चारा नसतो, घाई नसते, आणि दूध होते ते या दुसऱ्या चघळण्यातून. मननात नवी माहिती भरत गेलो की रवंथ थांबते, म्हणूनच भाष्यग्रंथ आणि यूट्यूबवरची प्रवचने संध्याकाळसाठी ठेवावीत.

आता प्रश्न आत येऊ द्यायचा. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या ‘इव्हॅन्जेली गॉडियम’मध्ये तो सरळ शब्दांत मांडला आहे : प्रभू, हे वचन मला काय सांगते आहे, त्याद्वारे माझ्या जीवनात तुला काय बदलायचे आहे, आणि येथे मला काय खटकते आहे? त्या सकाळी मला खटकले ते हे की माझाही एक कोळशाचा विस्तव होता. आदल्या आठवड्यात कामाच्या ठिकाणी माझ्या हातून झालेल्या एका चुकीचा दोष नव्याने लागलेल्या एका मुलावर गेला आणि मी ऐकत उभा राहिलो होतो. मी खोटे बोललो नव्हतो. फक्त गप्प राहिलो होतो, आणि त्या भेदावर आठ दिवस समाधान मानत होतो.

यानंतरची प्रार्थना शिकवावी लागत नाही. जे दिसले ते त्याच्याशी बोलायचे, ‘तू’ म्हणून, घरच्या शब्दांत. मी काय म्हणालो ते येथे लिहिण्याची गरज नाही, पण ते तीन वाक्यांपेक्षा जास्त नव्हते. शब्द संपले की दोन-तीन मिनिटे नुसते बसायचे. ग्विगो ज्याला ध्यान म्हणतात त्याची आपल्याकडून होणारी तयारी एवढीच. डोळे भरून आले, शांत वाटले, तर आभार मानावेत. काहीच वाटले नाही तरी तेवढाच वेळ बसून मग उठावे. विस्तवाशी बसलेल्या शिष्यांपैकीही कोणी काही विचारले नाही, असे योहान सांगतो.

उठण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवून एका चिठ्ठीवर लिहायच्या : दिवसभर बरोबर न्यायचे दोन-तीन शब्द आणि आजच करता येईल असे एक काम. माझे शब्द होते ‘या, न्याहारी करा’. काम कोणते, ते उघड होते.

गाडीत

ठाण्याहून तुर्भ्यापर्यंत दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे आणि मग तुर्भे अशी स्थानके लागतात. गर्दीत पुस्तक काढता येत नाही, आणि काढूही नये. प्रत्येक स्थानकावर गाडी थांबली की ते दोन-तीन शब्द एकदा श्वासाबरोबर मनात म्हणायचे आणि सोडून द्यायचे. मधल्या वेळात डोक्यात हप्ता येईल, मुलाची परीक्षा येईल, समोरच्याचे कोपर येईल, येऊ द्यावे. पुढचे स्थानक आठवण करून देते. बसने जाणाऱ्यांना सिग्नल आहेत आणि घरी असणाऱ्यांना गॅसवरचे भांडे आहे. रोझरीचे मणी ज्यांच्या बोटांना सरावाचे आहेत त्यांना ही रीत दोन दिवसांत जमते.

अकरा वाजता

चहाच्या वेळी स्वतःला विचारावे : सकाळचा शब्द कोणता होता? आठवला तर तो एकदा म्हणावा आणि चहा घ्यावा. आठवला नाही तर लगेच बायबलचे अ‍ॅप उघडू नये. आधी चित्र आठवून पाहावे, तळे होते की डोंगर, घर होते की रस्ता. चित्र आले की शब्द बहुधा मागोमाग येतो. तरीही नाही आला, तर सकाळी लिहून ठेवलेली चिठ्ठी पाहावी.

तीन-चार दिवस सलग काहीच आठवले नाही तर दोष श्रद्धेचा नसतो, मापाचा असतो. दहा ओळी वाचत असाल तर पाच करा. दृष्टांत असेल तर एकच प्रसंग घ्या. वाचताना झोप येत असेल तर वेळ पुढे-मागे करा. रात्रपाळी करणाऱ्याने सकाळचा हट्ट कशाला धरावा?

त्या शुक्रवारी अकराच्या चहाला मला न्याहारी आठवली आणि चहा तसाच ठेवून मी साहेबांच्या टेबलाशी गेलो. जे बोललो ते मिनिटभराचे होते. तो मुलगा नंतर फक्त ‘ठीक आहे, सर’ म्हणाला आणि आपल्या स्क्रीनकडे वळला. शुभवर्तमानातल्यासारखा शेवट काही झाला नाही.

रात्री पुन्हा

झोपण्यापूर्वी तीन मिनिटे दिवस मागे वळून पाहावा. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी शिकवलेले आत्मपरीक्षण ज्यांना माहीत आहे त्यांनी त्यात एकच प्रश्न घालावा : सकाळचा शब्द आज कुठे भेटला आणि मी त्याला कुठे टाळले? वहीत तारीख, उताऱ्याचा संदर्भ आणि एक ओळ लिहावी. एकच, कारण अर्धे पान लिहू लागलो की आपण दुसऱ्यांसाठी प्रवचन लिहू लागतो. मग उद्याचा उतारा एकदा वाचून खूण घालावी.

जिथे हमखास अडते

सर्वांत मोठा मोह, वचन दुसऱ्याला लागू करण्याचा. ‘हे तर आमच्या सासूबाईंसाठीच लिहिले आहे’ असे वाटले की समजावे, आपण निसटलो. पोप फ्रान्सिस यांनीही त्याच दस्तऐवजात हा मोह नाव घेऊन सांगितला आहे. शिष्यांना उद्देशून बोललेले वाक्य परूश्यांच्या, म्हणजे येशूशी वाद घालणाऱ्या कर्मठ यहुदी पंथाच्या, खात्यात टाकणे, आणि परूश्यांना उद्देशून बोललेले शेजाऱ्याच्या खात्यात टाकणे, हे आपण किती सफाईने करतो! सकाळचे वचन लगेच व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात पाठवणे हाही याच मोहाचा सभ्य प्रकार आहे. निदान रात्रीपर्यंत ते स्वतःजवळ ठेवावे.

दुसरी अडचण अवघड वचनांची. स्तोत्र १३७ चा शेवट किंवा आईबापांचा द्वेष करण्याविषयीचे लूक १४:२६ वाचून माणूस गांगरतो. अशा वेळी वचन गोड करून घेऊ नये आणि ओलांडूनही जाऊ नये. लेखकाला काय म्हणायचे होते, त्या काळी अशी बोलण्याची रीत कोणती होती, शास्त्रात इतरत्र काय सांगितले आहे आणि ख्रिस्तसभा ते कसे समजते, हे पाहावे. मत्तय १०:३७ शेजारी ठेवले तर लूकच्या ‘द्वेषा’चा अर्थ ‘कमी प्रिय मानणे’ असा उलगडतो. तरीही न सुटल्यास धर्मग्रामातील फादरांना किंवा सिस्टरांना विचारावे. आणि एखाद्या वचनातून नोकरी सोडण्याचा किंवा नाते तोडण्याचा आदेश आपल्याला मिळाला आहे असे वाटू लागले, तर महिनाभर थांबावे आणि आपले पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंशी बोलल्याशिवाय पाऊल उचलू नये.

वर्षात अख्खे बायबल संपवण्याचा संकल्पही मी केला आहे. जानेवारीत उत्पत्ती झपाट्याने झाले, फेब्रुवारीत निर्गम झाले, आणि लेवीयमध्ये यज्ञांच्या नियमांत गाडी अडकली ती सुटलीच नाही. सलग वाचन चांगलेच आहे, त्याने शास्त्राचा नकाशा कळतो. पण ते वेगळे काम आहे, आणि त्याला वेगळा वेळ द्यावा. वीस मिनिटांत दोन्ही कोंबू नयेत.

घरात आणि इमारतीत

आठवड्यातून एकदा हेच वाचन चार घरांनी मिळून करता येते. दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने रूढ केलेली सात पायऱ्यांची पद्धत छोट्या ख्रिस्ती समूहांत बऱ्याच ठिकाणी चालते : प्रभूला बोलावणे, उतारा वाचणे, मनाला भिडलेले शब्द प्रत्येकाने मोठ्याने म्हणणे, शांत राहणे, काय जाणवले ते सांगणे, मिळून काय करायचे ते ठरवणे आणि शेवटी प्रार्थना. माझ्या मते यातली तिसरी पायरी सर्वांत मोलाची, आणि आपण घाईने उरकतो तीही हीच. कोणी म्हणावे ‘कोळशांचा विस्तव’, कोणी म्हणावे ‘काही नाही’, कोणी म्हणावे ‘या’. स्पष्टीकरण द्यायचे नाही. जो कधी बोलत नाही त्यालाही दोन शब्द म्हणता येतात, आणि जो नेहमी बोलतो त्याला तेवढ्यावरच थांबावे लागते. दोन नियम कडक ठेवावेत : दुसऱ्याच्या अनुभवावर उत्तर द्यायचे नाही, आणि तासाभरात उठायचे. चहा-बिस्किटे तासानंतर.

घरातल्या मुलांचा प्रश्न निराळा आहे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना देवनागरी अक्षरे लावत वाचावी लागतात, मग वाचन म्हणजे शिक्षा होते. त्यांच्या हाती पुस्तक देऊ नये. आजी-आजोबांपैकी कोणी वाचावे आणि मुलांनी ऐकावे, आणि एकच विचारावे : तू तिथे असतास तर कुठे उभा राहिला असतास? आमच्या धाकट्याने योहानाच्या या उताऱ्यावर सांगितले की तो मचव्यातच थांबला असता, कारण एवढे मासे सोडून उडी कोण मारणार. त्याच्या आजीने त्याला रागावायचे ठरवले होते, पण हसू आवरेना.

रोज जमणारच नाही अशांनी येत्या रविवारचे शुभवर्तमान सोमवारी काढावे आणि तेच शनिवारपर्यंत वाचावे. सोमवारी घटना, मंगळवारी एक माणूस, बुधवारी एक वाक्य, असे सावकाश. काही दिवस पूर्णच बुडाले तर मागचे उतारे भरून काढत बसू नये. वहीत त्या तारखा रिकाम्या सोडाव्यात आणि कॅलेंडरवर आजच्या तारखेसमोर जे लिहिले आहे तेथे खूण घालून झोपावे.